पेपरांच्या खोलीचे फेज आउट

कोणतीही गोष्ट एकदम बंद केली की माणसं चिडतात. हळूहळू बंद केली की सवय लावून घेतात. या सोयीला इंग्रजीत ‘फेज आउट’ म्हणतात. (माझं इंग्रजी बेताचं. चूक असल्यास क्षमा असावी.)

पंचवटीतल्या आमच्या वाचनालयाच्या समितीने पेपरांची खोली फेज आउट करायला घेतली, तेव्हा कार्यवाह उज्वलाताईंनी आम्हाला नीट समजावलं. “काका, बंद कोण म्हणतंय? फक्त फेज आउट.”

पहिल्या टप्प्यात पंखा दुरुस्तीला गेला. आम्ही पेपराने वारा घेतला. दुसऱ्यात बारा खुर्च्यांच्या पाच झाल्या. उभ्याने वाचल्यास गुडघे मोकळे होतात, हे आमच्यातल्याच एकाने शोधून काढलं. तिसऱ्यात पेपर कालचे येऊ लागले. (सत्तर टक्के वाचकांना हे आठवडाभर कळलं नाही. उरलेले तीस टक्के फक्त निधनवार्ता वाचतात. त्यात कोणालाच घाई नव्हती.)

चौथा टप्पा मंगलाबाईंचा. सव्वीस वर्षं त्या खोली उघडतात, पेपर लावतात, चष्मा विसरलेल्याला ड्रॉवरमधला जादा चष्मा देतात. त्यांचा पूर्ण दिवस अर्धा झाला, मग आठवड्यातून तीनदा, मग ‘गरजेनुसार’.

फेज आउटच्या उलट फेज इन. शेजारच्या दालनात स्पर्धा परीक्षांची वातानुकूलित अभ्यासिका फेज इन झाली. तिला टप्पे नव्हते. एका सकाळी फीत कापली, झालं.

समिती अन्यायी मुळीच नाही. तिने सूचना लावली: पंधरा तारखेपर्यंत वीस वाचकांच्या सह्यांचा अर्ज आल्यास खोली आणि मंगलाबाई दोन्ही कायम. पहिल्या क्रमांकावर सही करणारा अर्जदार समजला जाईल.

अर्ज मी लिहिला. (अकरा वेळा. भाषा अजूनही मनासारखी नाही.) सह्यांसाठी मंगलाबाई तो घेऊन फिरल्या. विंचूरच्या कांदा मार्केटातून निवृत्त झालेले सहादू अण्णा म्हणाले, “बाई, तुमच्यासाठी कायपण. पण पयलं नाव माझं नको. नात अभ्यासिकेत बसती ना. दोन नंबरला घ्या.”

“दोन नंबर गेला, अण्णा. सगळे दोनपासूनच सुरू करतात.”

“मग तीनला करतो. माझं काय नाय.”

पंधरा तारखेला एकूण तेवीस सह्या झाल्या, क्रमांक दोन ते चोवीस. माझी तेराव्या क्रमांकावर. (बरोबर मधोमध, तिथे नजर सहसा थांबत नाही.) उज्वलाताईंनी अर्ज दोन्ही हातांनी, आदराने परत दिला. अर्जदारच नसल्यामुळे अर्ज आलाच नाही, अशी नोंद झाली.

मंगलाबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ड्रॉवरमधला चष्मा माझ्या हातात दिला. “असू द्या तुमच्याकडे, काका. पहिली ओळ दिसत नसेल कोणाला, तर उपयोगी पडेल.”

अर्ज माझ्याकडेच आहे. मुदत आठ दिवस वाढेल असं ऐकतो. आपण इथवर वाचलंत, हळहळलात, तेव्हा आपलीही सही हवी. संकोच करू नका. पंचविसाव्या क्रमांकापासून पुढे भरपूर जागा आहे.