वीज पडलेल्या शिरीषाची शुश्रूषा

संकटात सापडलेल्या जिवाला मदत करणे हे माणसाचे कर्तव्य आहे. त्या मदतीतून वाचणे ही त्या जिवाची वैयक्तिक बाब आहे.

आमच्या वसाहतीच्या आवारातल्या शिरीषावर वीज पडली, तेव्हा हे कर्तव्य बजावण्याची संधी आम्हाला घरबसल्या मिळाली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीचा वीतभर रुंद पट्टा सोलून निघाला होता. झाडांचा डॉक्टर बोलावला. त्याने एक फेरी मारली, लोंबणारी फांदी उतरवली आणि म्हणाला, "मुळांना पाणी द्या. बाकी काही करू नका. पालवी फुटेपर्यंत वाट बघा."

"म्हणजे नक्की काय करायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही."

"बरं. पण ते करायचं कोणी?"

एवढी मोठी जबाबदारी एकट्यादुकट्यावर टाकणं बरं नव्हे, म्हणून शिरीष शुश्रूषा समिती स्थापन झाली. (एक सदस्य वीज कंपनीतून निवृत्त झालेले असल्याने त्यांना या विषयातले तज्ज्ञ मानण्यात आले.)

समितीने काम कसं करावं याचा हा वस्तुपाठच आहे. जखम उघडी बरी दिसत नाही म्हणून तीत सिमेंट भरलं. त्यावर दवाखान्यासारखा पांढरा ऑइलपेंट दिला. खोडात चार लांब खिळे ठोकून पाटी लावली: 'या झाडाला इजा करू नये.' झाडाला उभारी यावी म्हणून फांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. आणि भेटायला येणाऱ्यांना टेकता यावं म्हणून बुंध्याला चिकटून काँक्रीटचा पार बांधायला घेतला. तीन बाजू झाल्या. चौथीच्या वेळी गवंड्याचं आणि समितीचं बिनसलं. पाण्याचा विषय तेवढा पोटसमितीकडे विचाराधीन राहिला.

त्या चौथ्या बाजूला तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी. काकू तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी रोज तिथे मुळाशी ओतायच्या. सेक्रेटरींनी त्यांना प्रेमाने हटकलं.

"काकू, उपचार चालू असताना पेशंटला बाहेरचं द्यायचं नसतं."

"अहो, पाणी आहे ते!"

"तेच पोटसमिती तपासतेय."

"तपासा सावकाश. लकवा झाल्यापासून आमचे हे खिडकीबाहेरच्या फांदीकडे डोळे लावून पडलेत. दिवसभरात बोलतात ते एवढंच, 'साळुंकी आली.' फांदी वाळली तर बोलणार काय, डोंबल?"

सेक्रेटरींना भरून आलं. त्यांनी काकांना समितीचे मानद निरीक्षक नेमलं आणि काकूंना ताकीद दिली. काकूंनी ताकीद ऐकून घेतली आणि पाणी ओतलं.

यथावकाश शिरीषाच्या तीन बाजू वाळल्या. चौथ्या बाजूला पालवी फुटली. काका कित्येक महिन्यांनी नवा शब्द बोलले, "हिरवं." काकू स्वयंपाकघरातून भिजल्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी तो काकांकडून तीनदा वदवून घेतला.

समितीनेही आनंद व्यक्त केला. निष्कर्ष असा: झाड पंचवीस टक्के बरं झालं आहे, उरलेलं पंचाहत्तर टक्के उपचारांना सहकार्य करत नाही. आता, ज्या बाजूला पार नाही, माळा पोचल्या नाहीत, त्या बाजूने स्वतःच्या हिमतीवर एवढं केलं. तिला समितीचा आधार मिळाला, तर ती काय करील! तेव्हा पार पूर्ण करावा, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला.

"अरे, तेवढीच जिवंत आहे," काकू उभ्या राहून म्हणाल्या. "तेवढी तरी सोडा!"

"तीच तर आमच्याकडून दुर्लक्षित राहिली, काकू," सेक्रेटरी हात जोडून म्हणाले. "आम्हाला लाज वाटते."

मतदान झालं. हजर असलेल्यांत काकूंच्या बाजूने एक हात जास्तच वर गेला. समितीला क्षणभर घाम फुटला. पण आमची घटना दूरदर्शी आहे: जो सभासद येत नाही, त्याची ठरावाला संमती आहे असं धरलं जातं. त्या हिशेबाने ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. सिमेंट येऊन पडलं आहे. काम रविवारी सकाळी सुरू होईल.

समितीच्या मूर्खपणाला आपण आत्ता हसलात, हे आमच्या कानावर आलं आहे. अवश्य हसा. सभेच्या संध्याकाळीही आपल्या घरून हसण्याचा आवाज येत होता, आणि आपलं मत आम्ही तेव्हाच मोजून घेतलं.