डॉक्टरांनी बेअरिंग उपटलं

"अठरा वर्षांत अडीच हजार दाढा काढल्यात मी. एका बेअरिंगचं काय घेऊन बसलात, बाबा?"

आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर आपल्या सासऱ्यांना हे म्हणाले, तेव्हा त्यांच्या अंगात पांढराशुभ्र कोट होता. संध्याकाळपर्यंत तो कोट ओळखू येईना.

सासऱ्यांची दाढ चार दिवस हलत होती आणि ठणकत होती. चार दिवस ते नुसत्या दुधावर होते, पण जावयासमोर तोंड उघडायला तयार नव्हते. ही गोष्ट गल्लीभर झाली होती. ज्याला सासरा दात दाखवत नाही, त्याला आपण का दाखवायचे, असा गल्लीचा सरळ हिशोब होता. तेव्हापासून दवाखान्याच्या खुर्चीवर पेशंटपेक्षा मांजरच जास्त वेळ झोपलेलं असायचं.

सासऱ्यांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. त्यांनी गाल धरून अट घातली. "गाडीचा क्लच बदलायला घेतलाय. पायलट बेअरिंग इंजिनाच्या दांड्यात अडकलंय. कुठेही ओरखडा न पाडता काढून दाखवा. मग मी तोंड उघडतो."

जावईबापू कपाळाला दिवा लावून गाडीखाली सरकले. गिअरबॉक्स आणि जुना क्लच आधीच उतरवलेला होता. समोर एक भोक होतं, आणि त्यात अंगठीएवढं बेअरिंग गच्च रुतून बसलेलं. डॉक्टर हरखलेच. हुबेहूब मोडकी दाढ! त्यांनी छोटा आरसा घातला, टोकदार सळीने चारी बाजूंनी टोचून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "थोडं दुखेल हं."

"कोणाला?" सासऱ्यांनी दारातल्या खुर्चीवरून विचारलं.

पहिला चिमटा वाकला. दुसरा निसटून डॉक्टरांच्याच हनुवटीवर बसला. तिसरा चिमटा त्यांना सासऱ्यांनीच लग्नात दिलेला होता. त्याचे दोन तुकडे झाल्यावर डॉक्टरांनी बायकोला हाक मारली. ती दवाखान्यात त्यांची मदतनीस होती, त्यामुळे हातमोजे घालूनच आली.

"घट्ट धर. अजिबात हलू देऊ नकोस. आता हातोडा दे!"

प्रत्येक घावासरशी सासऱ्यांच्या दाढेत कळ जायची आणि ते "आई गं" म्हणून विव्हळायचे. भिंतीपलीकडे शेजारच्या शिक्षिकाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांची डॉक्टरांकडे सोमवारची वेळ होती. आणि त्यांच्या कानावर पडत होतं ते असं:

"अहो, ते फुटेल!"

"फुटू दे, मुळापासून काढतो आज."

"आई गं!"

"भूल नको का द्यायला?" बायकोने गमतीने विचारलं.

"तेल सोड थोडं, तेवढं पुरे."

बाई हातातला ओला टॉवेल घेऊनच धावल्या. वाटेत त्यांनी शिंप्याला आणि दूधवाल्याला गोळा केलं. गॅरेजच्या दारात पोचून बघतात, तर सासरे गाल धरून बसलेले आणि डॉक्टर गाडीखालून हातोड्यासकट बाहेर सरकतायत, कोट काळाकुट्ट. "माझी सोमवारची वेळ रद्द करा," बाई म्हणाल्या. शिंप्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरांना रडूच यायचं बाकी होतं. दाढ राहिली, बेअरिंग राहिलं, आणि होते नव्हते ते पेशंटही चालले.

एवढ्यात सासूबाई ताटलीत कालचा पाव घेऊन आल्या. "आधी खाऊन घ्या, जावईबापू." मग त्यांनी गाडीखाली वाकून भोकाकडे पाहिलं. "अगंबाई, हे होय? तीस वर्षं घरातला उरलेला पाव हे गॅरेजमध्ये कशाला न्यायचे, असं वाटतं तुम्हाला?"

"तू गप्प बस," सासरे गाल धरूनच ओरडले.

सासूबाई गप्प बसल्या, पण हात चालू होते. पावाचा मऊ गाभा काढून पाण्यात भिजवला, कडा ताटलीत राहिल्या. गाभा भोकात ठासून भरला, त्यात बरोबर बसेल असा लोखंडी दांडा लावला आणि जावयाला म्हणाल्या, "ठोका. परत भरा. परत ठोका."

डॉक्टरांनी ठोकलं. पावाला मागे जायला जागा नव्हती, म्हणून तो बेअरिंगलाच मागून ढकलू लागला. पाचव्या घावाला बेअरिंग नखभर पुढे आलं. आठव्या घावाला ते टण्णकन फरशीवर पडलं, एकही ओरखडा न पडता! शिंपी टाळ्या वाजवू लागला.

"एकट्याने काढायची अट होती," सासरे कुरकुरले. चार दिवसांची भूक आणि त्यात आपली विद्या अशी चारचौघांत उघडी पडलेली. रागारागात त्यांनी ताटलीतली एक कडक कड उचलली आणि कचकन चावली.

कट्.

सासऱ्यांनी तळहातावर काहीतरी काढलं आणि बघतच राहिले. दाढ मुळासकट आली होती. त्यांनी गाल चाचपला, जीभ फिरवून पाहिली आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले. "दुखलंसुद्धा नाही," ते म्हणाले. डॉक्टरांनी धावत जाऊन जखमेवर कापूस ठेवला, पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

सोमवारी सकाळी दवाखान्याबाहेर रांग होती. पायरीवर मांजरालाही जागा उरली नव्हती. डॉक्टरांचा ऊर भरून आला. नवा कोट घालून त्यांनी दार उघडलं, तर सर्वांत पुढे शिक्षिकाबाई.

"डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई किती वाजता बसतात?"

डॉक्टरांनी रांगेकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"पाच ते सात," ते म्हणाले. "येताना कालचा पाव घेऊन या."