पाच घरांतले एक आजोबा

सहलीचा निबंध सहलीला निघायच्या आधीच लिहून टाकायचा, ही कल्पना मॉनिटरची. परदेशात आठ दिवस एकेकीने एकेका घरी राहायचं आणि 'मला उमजलेली संस्कृती' यावर दीड पान लिहायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. तिथे जाऊन लिहीत कोण बसणार? मॉनिटरने घरबसल्या एक आजोबा रचले. ते बागेत झाडांना पाणी घालता घालता तिला आपल्या देशाच्या गोष्टी सांगत. बाकी चौघींनी विमानातच ते उतरवून घेतले.

"अगं, थोडं तरी बदला!" मॉनिटर म्हणाली.

"बदललंय की. तुझ्या आजोबांची दाढी पांढरी, माझ्या आजोबांची करडी."

मॉनिटरच्या वाट्याला आल्या चौथ्या मजल्यावर एकट्याच राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या काकू. रोज संध्याकाळी त्या खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाट पाहत. मॉनिटर लांबूनच हात हलवून खोलीत पळायची, कारण मैत्रिणींनी पाठवलेले फोटो बघायचे असत. तिच्या कोटाचा उसवलेला खिसा मात्र दुसऱ्याच दिवशी शिवून तयार होता.

निरोपाच्या दिवशी सगळे घरवाले पहिल्या रांगेत बसले आणि मॅडमना हुक्की आली. "वाचा गं आपापलं! दुभाषी ताई यांना समजावून सांगतील."

पहिलीचे आजोबा झाडांना पाणी घालू लागले. दुसरीचेही. तिसरी ज्यांच्याकडे राहिली ते नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. चौथीपर्यंत सभागृहात खसखस पिकली.

"मॅडम, माझं राहू दे," मॉनिटर म्हणाली.

"लाजतेस काय? तुझंच तर सगळ्यात छान असतं!"

तिने वाचलं. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. मॅडम लालबुंद झाल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दुभाषी ताईंना हळूच काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, हे आजोबा राहतात कुठे? त्यांना भेटायचंय. संध्याकाळी बोलायला कुणी नसतं."

सगळे पोट धरून हसले. मॉनिटरचा हात कोटाच्या खिशात गेला, बोटांना ती बारीक शिवण लागली आणि तिला रडूच फुटलं. आठ संध्याकाळी! आठही फुकट घालवल्या होत्या.

"ताई," ती हुंदका आवरत म्हणाली, "काकूंना एक विचाराल? त्यांचं नाव काय?"

ताई काकूंकडे वळल्या, तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि मॅडमनी मॉनिटरचा दंड धरला.