पितळी पहारेकऱ्यास शाल पांघरविली त्याची हकीगत

श्री अग्निनारायण समर्थ. शके सोळाशे त्र्याण्णव, पौष वद्य पंचमी, ते दिवशी एके बर्फाळ राज्यी जे घडले ते जसे कळले तसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, आणि घालावयाची गरजही पडली नाही.

राज्याच्या धनीण आईसाहेब, वय सत्तरीपार, छातीने अधू. वैद्यांनी निक्षून सांगितले की महालात गारठा शिरला तर छाती धरेल आणि ऊब फार झाली तर जीव घाबरा होईल. मग बंबखान्याचे दारोगे रायाजी तांबट, ज्यांस पोरके असता आईसाहेबांनीच पदराखाली घेतले होते, त्यांनी महालाच्या भिंतीशी पोकळ लोखंडी ताटी उभी केली, जीस टोपीकर रेडिएटर म्हणतात, आणि तळघरातील बंबाचे कढत पाणी नळीने तीत खेळविले, आणि नळीच्या तोंडी झडप बसवोन तीवर पितळी डोके चढविले. डोक्यात मेणाची कुपी. भोवतीची हवा तापली की मेण फुगोन खिळा दाबी आणि पाण्याची वाट मिटे. हवा निवाली की मेण आकसे, खाली दाबलेली लवचीक कमान उसळोन खिळा उचली आणि वाट मोकळी होई. डोके फिरवोन आकडा तिनावर ठेविला, म्हणजे महाल किती उबला असता मिटावे हे त्यास नेमून दिले. त्यास पहारेकरी नाव पडले, आणि दोन हिवाळे आईसाहेब सुखे निजल्या.

तो कारभारी नारो त्रिमळ यांस उमाळा आला की इतकी चोख चाकरी करणाराचा सन्मान जाहला पाहिजे. त्या दरबारची चालच तशी, कोणी धड शिंकला तरी त्यास शाल. पंचमीस सकाळी वाजंत्री लावोन पितळी डोक्यावर भरजरी शाल पांघरविली आणि पायाशी नारळ ठेविला. मग शालीआड कढत नळीची ऊब कोंडली आणि मेण फुगले, आणि पहारेकरी समजला की महाल तापला, सबब त्याने पाणी मिटविले. बिचाऱ्यास आपल्या नाकापुरतेच जग ठाऊक.

दोन प्रहरी महाल गार पडला आणि आईसाहेब खोकू लागल्या. नारो त्रिमळ म्हणाले, "पहारेकऱ्यास हिव भरले दिसते. आणखी शाल आणा." मग दुसरी घातली, आणि तिसरीही घातली.

इकडे तळघरात रायाजींनी त्या महालाची परतीची नळी चाचपिली तो ती थंडगार. ते धावत जिना चढोन आले, आणि कारभाऱ्यांनी दारातच अडविले.

"पंत, शाली काढू द्या. त्यास खोलीची हवा लागली पाहिजे. तो कोंडल्या उबेने फसला आहे."

"दरबाराने घातलेली शाल उतरविणे म्हणजे दरबाराची पगडी उतरविणे. उद्या मुहूर्त काढू. तुम्ही बंबाचा जाळ वाढवा."

"जाळ वाढवून काय होणार? पाण्याची वाटच मिटली आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. शिपायांनी रायाजींचे दंड धरले. आत आईसाहेबांचे अंगावर चार रजया होत्या, पण श्वासास रजई कशी घालावी?

"रायाजी आला का रे?" आतून क्षीण आवाज आला. "त्या पितळेला कसली थंडी? माझ्या लेकराला आत येऊ द्या."

"शिरस्ता पाहोन लगेच सोडतो, आईसाहेब," नारो त्रिमळ अदबीने बोलले, आणि शिरस्ता पाहात बसले. दिवेलागणीस आईसाहेब निवर्तल्या.

मग रिवाजाप्रमाणे धनिणीचे देहावर उंची शाली घालणे प्राप्त जाहले, आणि उंची शाली तर तेथेच होत्या. नारो त्रिमळांनी स्वहस्ते तिन्ही उतरविल्या. मुहूर्त कोणी विचारिला नाही. पितळेस हवा लागली, मेण आकसले, नळीत पाणी खळखळले आणि ताटी तापली. घटकाभरात महाल असा उबला की आईसाहेब असत्या तर रजई सारून उठोन बसत्या. रायाजी ताटीस हात टेकून लहान पोरासारखे रडले.

नारो त्रिमळांनीही डोळे पुसले आणि म्हणाले, "पाहा, मुक्या पहारेकऱ्याने धनिणीस सलामी दिली. यास शाल दिली पाहिजे."

येणेप्रमाणे हकीगत. पहारेकऱ्याचा यात अपराध नाही, जितकी हवा त्यास लागू दिली तितकीच त्याने जाणिली. रायाजींनी बंब विझविला आणि बंबखान्याची किल्ली नारळाशेजारी ठेवोन राज्य सोडिले. लेखनसीमा.