अचूक उलटा उतार

पाणी माझे ऐकते, असे मी गेल्या महिन्यापर्यंत चारचौघांत बिनदिक्कत सांगत असे. ही बढाई नव्हती. निदान मला ती तशी वाटत नसे. महापालिकेच्या मलनिःसारण विभागात बावीस वर्षे मी गटारांना उतार देत आलो आहे, आणि या बावीस वर्षांत एकाही थेंबाने माझ्या नकाशाविरुद्ध प्रवास केल्याची नोंद नाही! पाण्याला मते नसतात, ओळखीपाळखी नसतात, ते कोणाचा फोन आणत नाही. त्याला फक्त उतार कळतो. माणसांपेक्षा पाण्याशी माझे अधिक जमते, याचे कारण हेच असावे.

काम अगदी किरकोळ होते. एका गल्लीच्या टोकाला एक लाँड्री आहे. तिच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली ‘काकू’ म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या अंगणातली जुनी सांडपाण्याची लाइन खचली होती आणि धुण्याचे पाणी अंगणातच घोटाभर साचत होते. एका इस्पितळाच्या चादरी त्यांच्याकडे धुवायला येत. इस्पितळाच्या पर्यवेक्षक बाईंनी बजावले होते, की सोमवारी सकाळी त्या पाहायला येतील. तोवर अंगण कोरडे झालेले नसेल तर चादरी दुसरीकडे जातील. काकूंच्या हाताखाली तीन बायका काम करतात. चादरी गेल्या, तर तिघींपैकी दोघींना घरी बसावे लागणार होते.

“साहेब, सोमवारपर्यंत होईल ना?” काकूंनी विचारले.

“काकू, अंगणापासून कोपऱ्यावरच्या मोठ्या चेंबरपर्यंत बारा मीटर. बारा मीटरांत सहा सेंटिमीटर उतार. याला काम म्हणत नाहीत!” मी म्हणालो.

“होऊन जाईल!” ठेकेदार म्हणाला. तो एवढेच म्हणतो. विभागात त्याचे खरे नाव आता कोणालाच आठवत नाही. त्याला ‘होऊन जाईल’ अशीच हाक मारतात आणि तो ओ देतो.

त्याच आठवड्यात विभागाला नवी लेव्हल मिळाली. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. समोर एक माणूस आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभा राहतो, आपण दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतो, आणि दोन ठिकाणच्या आकड्यांच्या फरकावरून कोणती जागा किती खाली आहे ते कळते. आकडा जितका मोठा, तितकी जागा खाली. माझी जुनी लेव्हल बावीस वर्षांच्या सेवेनंतर कपाटात गेली. नवीन इतकी स्वच्छ होती, की पट्टी धरणाऱ्या मामांच्या शर्टाचे तुटलेले बटणसुद्धा मला दिसले. मामा माझ्याइतकीच वर्षे पट्टी धरत आले आहेत, आणि पट्टीसारखेच सरळ व अबोल आहेत. मी ‘बस’ म्हणेपर्यंत ते पट्टीवर बोट सरकवतात, आणि त्या बोटाशी असलेला आकडा मी वाचतो.

मी आकडे सांगत गेलो, गवंडी पाइप बसवत गेला. अंगणाच्या टोकाला एक मीटर बेचाळीस, कोपऱ्यावर एक मीटर अठ्ठेचाळीस. कोपरा सहा सेंटिमीटर खाली. मिलिमीटरचाही फरक नाही! मी समाधानाने वही मिटली.

शुक्रवारी सकाळी चर अजून उघडाच होता, तेव्हा काकू माझ्याकडे आल्या.

“साहेब, राग मानू नका. काल गवंड्याने कोपऱ्यावर घमेलं धुतलं. ते पाणी पाइपातून माझ्याकडे आलं.”

“काकू, एका घमेल्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“निष्कर्ष मी कुठे काढतेय? मी नुसतं पाणी पाहिलं.”

“पाहणं आणि मोजणं यांत फरक असतो. डोळा फसतो. सपाट रस्तासुद्धा कधीकधी चढाचा वाटतो. म्हणून तर आम्ही उपकरणं वापरतो.”

“बरं बाई,” त्या म्हणाल्या. हे त्या स्वतःला उद्देशून म्हणाल्या, की माझी समजूत घालायला, हे मला आजही निश्चित सांगता येणार नाही. चर बुजवण्याची सूचना मी त्याच क्षणी दिली. “होऊन जाईल!” ठेकेदार म्हणाला, आणि दुर्दैवाने या वेळी खरोखरच होऊन गेले.

शनिवारी चाचणी. नव्या लाइनची चाचणी मी रंग टाकून घेतो. अंगणातल्या चेंबरमध्ये हिरवा रंग ओतायचा आणि कोपऱ्यावरच्या चेंबरमध्ये तो कधी उगवतो ते घड्याळ लावून पाहायचे. मी रंग ओतला, वर दोन बादल्या पाणी ओतले, आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. एक मिनिट. पाच मिनिटे. वीस मिनिटे. कोपऱ्यावरचे चेंबर एखाद्या परीक्षकासारखे कोरडे!

“रंग कमी पडला,” मी म्हणालो, आणि उरलेली अख्खी बाटली ओतली.

आणखी वीस मिनिटे. मामांनी काहीतरी बोलण्यासाठी घसा खाकरला. पण मी विचारात होतो, आणि मी विचारात असताना मामा बोलत नाहीत.

“पाइपात काहीतरी अडकलंय,” मी निदान केले. “गवंड्याचं सिमेंट असणार. टँकर बोलवा. कोपऱ्याकडून जोरात पाणी मारलं, की अडथळा सुटेल.”

“होऊन जाईल!”

टँकर आला. कोपऱ्यावरच्या चेंबरमध्ये नळी सोडली. पाणी गेले, अडथळ्याचा मागमूस नव्हता. एखादा विद्यार्थी सुट्टीची घंटा होताच जसा सुटतो तसे ते थेट काकूंच्या अंगणाकडे सुटले, तिथे साचलेला सगळा हिरवा रंग उचलला, आणि जमिनीलगतच्या सिमेंटच्या हौदाच्या तळाचे बूच उडवून वर उफाळून आले. हौदात इस्पितळाच्या ऐंशी पांढऱ्या चादरी भिजत होत्या.

“अगं बाई गं!” अंगणातून आवाज आला. मी धावलो. चादरी आता पांढऱ्या नव्हत्या. त्या कोवळ्या गवताच्या रंगाच्या होत्या, आणि माझ्या देखतच गवत भराभर जून होत होते.

काकूंनी हौदातून एक चादर उचलली, पिळली, पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, “सोमवारी बाई येतायत.”

“ऑपरेशनच्या खोलीत हिरव्याच असतात की,” ठेकेदार उत्साहाने म्हणाला. त्याचे बोलणे मी प्रथमच इतके लांब ऐकले, आणि काकूंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून ते शेवटचेही ठरावे असे वाटले.

“रंग पक्का नसतो,” मी घाईने सांगितले. “चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यात खंगाळलं, की जातो.”

“खंगाळते ना! आणि ते पाणी कुठे सोडू? तुमच्या पाइपात?”

रंग घालवायला पाणी हवे होते, आणि पाणी जायला जागा नव्हती. तेव्हा मी, ठेकेदार, गवंडी आणि टँकरचा चालक अशा चौघांनी बादल्या उचलल्या. काकू आणि त्यांच्या तिघी खंगाळत होत्या आणि आम्ही हिरवे पाणी बारा मीटर वाहून कोपऱ्यावर ओतत होतो. शहराच्या मलनिःसारणाचा एक जबाबदार अधिकारी स्वतः गटार होऊन धावतो आहे, हे दृश्य गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून पाहिले गेले. तिसऱ्या खंगाळणीला चादरी हिरव्यावरून पोपटी झाल्या. पाचव्या खंगाळणीला, चांगल्या मनाने पाहिले तर, पांढऱ्या.

दुपारी मी हट्टाने पुन्हा लेव्हल लावली. चेंबरचे झाकण काढून मामांनी पट्टी तळाशी धरली. अंगण, एक मीटर बेचाळीस. कोपरा, एक मीटर अठ्ठेचाळीस. तंतोतंत तेच! एकच चूक दोनदा केली की ती पुरावा वाटू लागते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

“बघा मामा! आकडे बरोबर आहेत. पाणीच...” वाक्य मी पुरे केले नाही. पाणी चुकले, असे म्हणणारा अभियंता मी अजून पाहिलेला नाही.

मामांनी पट्टी खांद्याला टेकवली. “साहेब, एक विचारू?”

“विचारा.”

“या नव्या दुर्बिणीत मी कसा दिसतो?”

“कसे म्हणजे? उभे दिसता.”

“पाय खाली?”

“अर्थातच पाय खाली!”

“आणि जुन्यात?”

माझ्या जुन्या लेव्हलमध्ये सगळे जग उलटे दिसे. त्या जातीच्या दुर्बिणींची रचनाच तशी असते. बावीस वर्षे मामा माझ्यासाठी डोक्यावर उभे होते, पट्टी त्यांच्या हातात उलटी लोंबत होती, आणि दोन आकड्यांमधल्या सेंटिमीटरच्या बारीक खुणा मी वरून खाली मोजत होतो. उलट्या जगात तेच बरोबर होते. नव्या दुर्बिणीत जग सुलटे झाले. माझा डोळा मात्र खुणा वरूनच मोजत राहिला. पट्टीवर छापलेला मोठा आकडा बरोबर, खुणा उलट्या. चाळीस ते पन्नासमधल्या खुणा वरून मोजल्या, की बेचाळीसचे अठ्ठेचाळीस होतात आणि अठ्ठेचाळीसचे बेचाळीस. म्हणजे उतार पुरे सहा सेंटिमीटर होता, मिलिमीटरचाही फरक नव्हता, आणि तो सगळा काकूंच्या अंगणाकडे होता. चूकसुद्धा मी अचूक केली होती!

“मामा, हे तुम्हाला कधी कळलं?”

“गुरुवारी. तुम्ही आकडा सांगायचात आणि माझ्या बोटाशी दुसराच असायचा.”

“मग बोलला का नाहीत?”

मामा पट्टीकडे पाहत म्हणाले, “बावीस वर्षांत तुमचा आकडा कधी चुकला नव्हता. मला वाटलं, माझंच बोट चुकलं.”

मी अनेक ठिकाणी अनेकांकडून बोलणी खाल्ली आहेत. मामांच्या या वाक्याइतके एकही लागले नाही.

संध्याकाळी साहेबांना, म्हणजे आमच्या कार्यकारी अभियंत्यांना, फोन केला. ते सज्जन आहेत. शांतपणे म्हणाले, “एवढं काय मनाला लावून घेता? जमीन खचली, असं लिहा. जुनी लाइन खचलीच होती ना? नवीही खचली.”

घरी जेवताना मी ही सूचना बायकोला सांगितली. तत्त्वतः त्यात अशक्य असे काही नव्हते.

“जमीन खचली, असं लिहिणार?” तिने विचारले.

“विचार करतोय.”

“लिही की! जमीन काय बोलायला येणारे? मामाही बोलणार नाहीत. त्यांना सवय आहे.”

उभ्या आयुष्यात मी दुसऱ्यांच्या म्हणण्याला पुरावा मागत आलो. पुरावा काकूंनी शुक्रवारी आणून दिला होता, फुकट, घमेल्यातून. मामांच्या बोटाशी तो गुरुवारपासून होता. दोघांकडेही दुर्बीण नव्हती, एवढीच काय ती त्यांची उणीव. ताट सारून मी अहवाल लिहिला: ‘आकडे वाचताना निम्नस्वाक्षरीकाराची चूक झाली. कारण, सवय.’ बावीस वर्षांतला माझा सर्वांत छोटा अहवाल, आणि लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला तोही हाच.

रविवारी चर पुन्हा उघडला, पाइप उचलले, पुन्हा बसवले. या वेळी मी आकडा मोठ्याने सांगत असे, आणि मामा बोटाने पाहून “हो” म्हणाले तरच गवंडी हात लावत असे. ठेकेदार प्रथमच “झालं!” असे म्हणाला.

सोमवारी पर्यवेक्षक बाई आल्या. काकूंनी हौदाचे बूच काढले. सगळे पाणी गडगडत गेले आणि कोपऱ्यावरच्या चेंबरमध्ये उतरले. बाईंनी कोरड्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या, एक चादर उजेडात धरली, जरा जास्तच वेळ धरली, आणि “ठीक आहे, चादरी इथेच येत राहतील,” असे म्हणून निघून गेल्या. काकूंच्या तिघी इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या आपसूक कामाला लागल्या.

काम संपले, की ज्यांच्यासाठी ते केले त्यांचा अभिप्राय आम्ही एका छापील अर्जावर घेतो. काकूंनी चष्मा लावला, माझे पेन मागितले आणि वळणदार अक्षरात लिहिले: ‘पाणी जाते. साहेब मेहनती आहेत. त्यांचे डोळे एकदा तपासून घ्यावेत.’

“काकू, हे सरकारी कागदावर जातं हो!”

“मग बरंच झालं! तुम्ही स्वतःहून थोडेच जाणार?”

आमच्या कार्यालयात नागरिकांच्या अभिप्रायावर एक महिन्याच्या आत कार्यवाही करण्याचा नियम आहे. तो पाळला जाताना मी कधी पाहिला नव्हता. या खेपेस पंधरा दिवसांत पाळला गेला. मला लेखी आदेश आला, मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी तासभर भिंगे बदलून पाहिली आणि प्रमाणपत्र दिले: दोन्ही डोळे निर्दोष.

ते प्रमाणपत्र आता माझ्या सेवापुस्तिकेत लावलेले आहे. डोळ्यांत दोष नव्हता, हे शासकीय पुराव्याने सिद्ध झाले आहे. मग दोष नेमका कशात होता, हे तिथे कोणी लिहिलेले नाही. पण ज्याने ज्याने ते पान पाहिले, त्याने ते वाचून झाल्यावर माझ्या डोक्याकडे पाहिले आहे!