निरपराध कैद्याचं अध्यासन

बाळांनो, आधी तोंडातली चिक्की खाऊन घ्या, नाहीतर हसताना ठसका लागतो. तर एका जंगलात सिंहमहाराजांच्या ताटातलं हरणाचं तंगडं चोरीला गेलं. कोतवाल तरसाने तासाभरात चोर पकडला. कोण? भुऱ्या ससा.

"अहो, मी गवत खातो," भुऱ्या म्हणाला.

"सगळे चोर असंच म्हणतात," तरस ढेकर देत म्हणाला. भुऱ्या कोठडीत गेला. घरी बायको आणि इवलीइवली पिल्लं.

आता गंमत ऐका. कोठडीशेजारच्या वडावर प्राध्यापक धनेश राहायचे. न्यायशास्त्राचे विद्वान, आणि चोच तर बघत राहावी अशी. तरसाने तंगडं त्याच वडाखाली बसून चापलं होतं. सरांनी फांदीवरून सगळं पाहिलं होतं.

"सर, एवढं दरबारात सांगा ना," भुऱ्याने हात जोडले.

"अरे, साक्ष दिल्याने बढती मिळत नाही. निबंधाने मिळते."

सरांनी निबंध लिहिला, 'तृणभक्षी आरोपी आणि मांसाचा प्रश्न'. जंगल डोलायला लागलं. मग 'शिक्षा म्हणजे काय?' आला. मग 'म्हणजे म्हणजे काय?' आला. सर विभागप्रमुख झाले. परिसंवादाला हंस आले, सारस आले, उपमा कमी पडला. प्रत्येक निबंधाखाली भुऱ्याचे मनःपूर्वक आभार असायचे.

शेवटी सरांच्या सत्कारात महाराजांनी सहज विचारलं, "पण तंगडं खाल्लं कुणी हो?"

"तरसाने. मी पाहिलंय ना."

"मग इतकी वर्षं गप्प का?"

"हा प्रश्न कुठल्याच परिसंवादात निघाला नाही, महाराज."

महाराज गहिवरले. काय हा प्रामाणिकपणा, म्हणाले, आणि सरांसाठी तिथल्या तिथे 'निरपराध कैदी अध्यासन' जाहीर केलं. भुऱ्याला मंडपात आणलं होतं, तो टणाटण उड्या मारायला लागला. बायको हार घेऊन धावली.

सर खाकरले. "महाराज, या अध्यासनाला एक निरपराध कैदी लागेल. आणि पुराव्यानिशी सिद्ध झालेला असा हा एकटाच आहे."

महाराजांना ते पटलं. तरसाने भुऱ्याला परत कोठडीत घातलं, या वेळी मात्र फार अदबीने. बायको दारावर डोकं टेकून रडली. सरांनी तिची मुलाखत घेतली.

तात्पर्य: बाळांनो, खोटा आळ आला तर सरळ गुन्हा कबूल करा. चोर शिक्षा भोगून कधीतरी घरी येतो.