कंडक्टर झालेलं बदक

पहिलीच्या बाईंना काही कामधंदा नसावा, असं आजीचं ठाम मत झालं होतं. नाहीतर पोरांना वाचायला शिकवायचं सोडून त्यांनी घरोघरच्या म्हाताऱ्यांना कामाला जुंपलं असतं का? नवा फतवा असा, की मुलाने रोज घरी दोन पानं मोठ्याने वाचायची, मोठ्या माणसाने ती ऐकायची आणि वहीत हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्यावर खूण करून खाली सही ठोकायची.

"शिकवायचं त्यांनी आणि राबायचं मी!" आजी सुनेवर कडाडली.

"आम्ही ऑफिसातून येईपर्यंत भिंगरी पेंगायला लागते, आई. तुम्हीच ऐका ना."

पंचाईत तिथेच होती. आजीची शाळा दुसरीच्या उंबरठ्यावर सुटली होती. अक्षरांशी तिची ओळख होती, पण लग्नात भेटलेल्या लांबच्या पाहुण्यांशी असते तेवढीच. चेहरा पाहिल्यासारखा वाटायचा, नाव काही आठवायचं नाही. हे गुपित तिने चाळीस वर्षं चष्म्याआड जपलं होतं. काही वाचायची वेळ आली, की नेमका चष्म्याचा नंबर वाढलेला असायचा. सही मात्र अशी झोकदार, की बघणाऱ्याला वाटावं बाईने वकिली केलीय.

पहिल्या संध्याकाळी नात पुस्तक घेऊन बसली. मुखपृष्ठावर बदक होतं. पोरगी घडाघडा वाचत सुटली. बदकाला तळ्याचा कंटाळा आला, ते बसमध्ये चढलं. दुसऱ्या दिवशी ते कंडक्टर झालं. तिसऱ्या दिवशी त्याने एका जाड्या साहेबाला बसमधून खाली उतरवलं. आजीने प्रत्येक वेळी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. शेजारची शिंपीण काजं करायचे शर्ट घेऊन ऐकायला येऊ लागली. पुस्तक जेमतेम बारा पानांचं, पण तीन आठवडे झाले तरी संपेना.

"बारीक अक्षरात छापलं असणार," आजीने शिंपिणीला समजावलं.

मग एके दिवशी बाईंची चिठ्ठी आली.

"वाच गं," आजीने हुकूम सोडला. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

भिंगरीने चिठ्ठी उलटसुलट केली. "लिहिलंय की... भिंगरी वर्गात सगळ्यात छान वाचते. आणि उद्या आजीचा सत्कार आहे."

"माझा?"

"हो. रोज ऐकते म्हणून."

चिठ्ठी दोनच ओळींची होती, पण भिंगरीने त्यातून हार काढला, टाळ्या काढल्या, शेवटी मोठ्या बाईंचं भाषणही काढलं. शिंपीण म्हणाली, "सत्कार म्हणजे काय खायचं काम आहे? मी येते की तुमच्याबरोबर!"

दुसऱ्या दिवशी आजी ठेवणीतले कपडे घालून शाळेत हजर. बाईंनी तिला पोरांच्या खुर्चीत बसवलं. गुडघे हनुवटीला टेकले, हाराचा पत्ता नाही. शिंपीण दारात कान टवकारून उभी.

"आजी, भिंगरीला एक अक्षर वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या खुणा बघा, एकवीस हसरे चेहरे!"

"येत नाही कसं? अहो, ते बदक कंडक्टर झालं, कालच तुरुंगातून पळालं!"

"कुठला कंडक्टर? बदक तळ्यात पोहते. बदक दाणे खाते. एवढंच आहे यात. ती वाचताना तुम्ही पुस्तकात बघत नव्हता का?" बाईंनी पुस्तक पुढे केलं. "हे पान घ्या, तुम्हीच वाचा."

आजीने पुस्तक घेतलं. लांबचे पाहुणे ओळीत उभे राहून तिच्याकडे बघू लागले. दारात शिंपीण. आजीने ओळखलं, की दिवेलागणीच्या आत सगळ्या आळीला कळणार. चाळीस वर्षांचा रुबाब एका बदकापायी पाण्यात!

"आजीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," शेजारी उभी असलेली भिंगरी चटकन म्हणाली.

शब्द आजीचेच, सूरही आजीचाच. म्हणजे कार्टीला सगळं ठाऊक होतं! आजीने तिच्याकडे असं पाहिलं, की पोरगी दप्तरामागे लपली. मग आजीने पुस्तक फटकन मिटलं.

"अहो बाई, बारा पानं झाली तरी बदक तळ्यातच? असलं मिळमिळीत पुस्तक दिल्यावर पोरीने मनचं वाचू नये तर काय करावं? पोरीत खोट नाही. खोट तुमच्या शिकवण्यात आहे."

बाईंची नजर वहीतल्या झोकदार सहीवर गेली, मग आजीच्या नाकावरच्या चष्म्यावर. हसू दाबत त्या म्हणाल्या, "मग काय करू म्हणता, आजी?"

आजी त्या चिमुकल्या खुर्चीतून खुर्चीसकट उठली, खुर्ची सोडवली आणि शिंपिणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"उद्यापासून मी रोज इथे मागच्या बाकावर येऊन बसणार. तुम्ही शिकवता कसं ते मला तपासायचंय. अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू करा, मधलं काही गाळायचं नाही. आणि फळ्यावर जरा मोठं लिहा, बाई. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय!"